काच चिकटवण्याआधी बाटली वाचा

प्लास्टिकची मॉडेल गाडी बनवताना घोडं पेंड खातं ते बहुतेक वेळा काचेपाशी. बॉडीचा रंग बिघडला तर तो उतरवून पुन्हा मारता येतो, चाक वाकडं बसलं तर काढून सरळ करता येतं, सांध्यात फट राहिली तर पुट्टी भरून घासता येते. काचेला यातलं काहीच लागू पडत नाही. किटमध्ये समोरची काच एकच येते. तिच्यावर गोंदाचा ओघळ गेला किंवा पांढरट धुकं बसलं, की आधीची सगळी मेहनत त्या डागाआड जाते, कारण बघणाऱ्याची नजर गाडीच्या आत जाते ती काचेतूनच. असं असूनही काचेसाठी गोंद निवडताना बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘सगळ्यात घट्ट कोण धरतं?’ माझ्या मते हा प्रश्नच चुकीच्या जागी विचारलेला आहे. विचारायचं ते असं: हा गोंद वाळताना त्यातून काय बाहेर पडतं, आणि ते कुठे जाऊन बसतं? एवढ्या एका प्रश्नावर काचेच्या कामातले बरेचसे निर्णय आपोआप होतात. ग्लासगोसारख्या ओल्या, थंड गावात राहणाऱ्या मराठी छंदिष्टांनी तर तो बाटली उघडण्याआधीच विचारायला हवा.

सुरुवात किटच्या नेहमीच्या गोंदापासून करू. टॅमिया, रेव्हेल, एअरफिक्स यांच्या किटांचे भाग पॉलिस्टायरिनचे असतात आणि त्यांच्यासाठी विकलं जाणारं ‘सिमेंट’ खऱ्या अर्थाने चिकटवत नाही, विरघळवतं. टॅमियाच्या हिरव्या झाकणाच्या एक्स्ट्रा थिन सिमेंटमध्ये ॲसिटोन आणि ब्युटाइल ॲसिटेट ही द्रावकं असतात. ती दोन्ही भागांची कड मऊ करतात, दोन्हीकडचं प्लास्टिक एकमेकांत मिसळतं आणि द्रावक उडून गेलं की जोड एकजीव होतो. अपारदर्शक भागांसाठी याहून चांगलं काही नाही, कारण सांध्याशेजारी थोडं प्लास्टिक विरघळलं तरी ते घासून रंगाखाली झाकता येतं. काचेचे भागही पॉलिस्टायरिनचेच असतात, पण ते पारदर्शक राहावेत म्हणून त्यात चिवटपणासाठीचं रबर मिसळलेलं नसतं. म्हणून ते ठिसूळ असतात. साच्यातून निघताना त्यांच्यात ताणही राहून गेलेला असतो, विशेषतः स्प्रूला, म्हणजे किटचे भाग ज्या सांगाड्यात येतात त्याला, जोडलेल्या टोकापाशी आणि कोपऱ्यांत. अशा ताणलेल्या जागी द्रावक लागलं, की केसाएवढ्या बारीक भेगांचं जाळं उमटतं. शिवाय पातळ सिमेंट फटीतून आपोआप ओढलं जातं. तोच त्याचा गुण, आणि काचेपाशी तोच घात करतो. काच जागेवर दाबून धरलेल्या बोटाखाली हे द्रावक सरकतं आणि बोट उचललं की काचेत ठसा कोरलेला दिसतो. तो पुसला जात नाही, कारण तिथे डाग पडलेला नसतो. प्लास्टिकच विरघळून गेलेलं असतं.

दुसरा मोह सुपरग्लूचा, म्हणजे आपल्या फेव्हिक्विकच्या घराण्याचा. या सायनोॲक्रिलेटची कथा काचेच्या कामाशी गमतीशीर जोडलेली आहे. 1942 साली हॅरी कूव्हर हे ईस्टमन कोडॅकमधले रसायनशास्त्रज्ञ बंदुकीच्या नेमदर्शकांसाठी स्वच्छ पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. हे रसायन हाती लागलं, पण ते ज्याला त्याला चिकटायला लागलं म्हणून बाजूला टाकलं गेलं. गोंद म्हणून ते बाजारात आलं 1958 मध्ये. पारदर्शक वस्तूसाठी ते तेव्हा नाकारलं गेलं होतं आणि आपणही तेच करावं, कारण वेगळं असलं तरी. सुपरग्लू कडक होतो तो ओलाव्यामुळे. कडक होण्याआधी त्याचा थोडा भाग वाफ होऊन हवेत जातो, तिथल्या ओलाव्याशी मिळतो आणि जवळच्या पृष्ठभागावर पांढरी पूड होऊन बसतो. बोटांच्या तेलकट, ओलसर खुणांवर ती वाफ विशेष जमते. पोलिसांच्या प्रयोगशाळेत न दिसणारे ठसे उठवण्यासाठी मुद्दाम हीच वाफ सोडतात. मॉडेलच्या काचेवर आतून राहिलेला तुमचा अंगठा ती तितक्याच इमानदारीने उठवते. वाईट भाग असा, की हे लगेच होत नाही. काच बसवली, चॅसिस लावून बॉडी बंद केली, सगळं छान दिसलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावं तर आतून धुकं. बंद गाडीतली वाफ बाहेर जाणार कुठे? लवकर सुकावा म्हणून वरून ‘ॲक्सिलरेटर’ फवारणं म्हणजे रोगापेक्षा औषध भयंकर. त्यातली द्रावकंही काचेला भेगा पाडू शकतात.

आता तिसरं घराणं, फेव्हिकॉलचं. पांढरा, पाण्यात मिसळणारा पीव्हीए गोंद वाळताना त्यातून बाहेर पडतं ते फक्त पाणी. पाणी पॉलिस्टायरिनला काही करत नाही, रंगाला करत नाही, क्रोमच्या मुलाम्यालाही करत नाही. काचेच्या भागांसाठी म्हणून ब्रिटनमध्ये मिळणारी मायक्रो क्रिस्टल क्लिअर, डिलक्स मटेरियल्सची ग्लू अँड ग्लेझ, किंवा विमानांच्या कॉकपिटसाठी प्रसिद्ध झालेला फॉर्म्युला 560 हा कॅनोपी ग्लू, ही सगळी याच पाण्याच्या वाटेने जाणारी मंडळी. लावताना पांढरे, वाळल्यावर पारदर्शक. साधा फेव्हिकॉलही चालतो, पण जाड थरात तो किंचित दुधाळ राहू शकतो, म्हणून आधी पारदर्शक स्प्रूच्या तुकड्यावर करून पाहावं. लावायची रीत सोपी आहे. टूथपिकच्या टोकावर मोहरीएवढा थेंब घ्यायचा आणि बॉडीच्या आतल्या कडेला, काचेला नव्हे, चार-पाच ठिकाणी टेकवायचा. काच आतून बसवायची, बाहेरून बघत सरळ करायची. त्यासाठी दोन-चार मिनिटं सहज मिळतात. मग मास्किंग टेपच्या छोट्या पट्टीने धरून ठेवायची. थेंब पकडले की पातळ केलेला गोंद बारीक कुंचल्याने सगळ्या कडेने फिरवायचा. बाहेर आलेला गोंद ओल्या कापसाच्या काडीने तेव्हाच पुसायचा, आणि काच वाकडी बसली असेल तर कोमट पाण्याने सैल करून पुन्हा बसवायची. ही शेवटची सोय बाकी दोन घराण्यांकडे नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: पीव्हीए कमकुवत असतो, काच निखळेल. कमकुवत असतो हे खरंच. पण काचेवर भार कसला येतो? मॉडेलची समोरची काच आतून चौकटीत टेकलेली असते, तिला कुणी ओढत नाही, तिच्यावर वारा आदळत नाही. तिला फक्त जागेवर राहायचं असतं, आणि चौफेर लावलेली बारीक रेघ तेवढं काम व्यवस्थित करते. उलट गाडीच्या बाबतीत थोडा लवचिकपणाच कामाला येतो. शेवटी चॅसिस बसवताना बॉडीच्या दोन्ही बाजू किंचित फाकवाव्या लागतात. त्या वेळी सुपरग्लूचा कडक, ठिसूळ जोड ‘टक’ आवाज करून सुटतो, आणि तेही काच आत पडल्यावर कळतं. पीव्हीएचा जोड थोडा वाकतो आणि परत येतो. काच निखळण्याच्या बहुतेक तक्रारींमागे खरं कारण वेगळंच असतं: बॉडीच्या आतल्या कडेवर राहिलेलं पॉलिशचं मेण, बोटांचं तेल किंवा साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेला पदार्थ. हात लावण्याआधी काच आणि बॉडीची आतली कड भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब घातलेल्या कोमट पाण्याने धुऊन, लिंट नसलेल्या कापडावर वाळवली, तर ही तक्रार जवळजवळ उरत नाही.

दुसरा आक्षेप ग्लासगोच्या हवेचा, आणि तो जास्त वजनदार आहे. पाणी उडून गेल्याशिवाय जो वाळत नाही, तो गोंद इथे वाळणार कधी? पुण्यात वर्षाचा 700-750 मिलिमीटर पाऊस बहुतेक चार महिन्यांत पडून मोकळा होतो. ग्लासगोत 1,100 मिलिमीटरहून जास्त पाऊस बारा महिन्यांत वाटून पडतो, आणि कोरड्या हवेचा भरवसा कुठल्याच महिन्यात देता येत नाही. जुन्या टेनमेंट इमारतींमधल्या उंच छताच्या खोल्यांत हिवाळ्यात खिडकीवर आतून पाण्याचे थेंब जमतात, हे तिथे राहणाऱ्यांना सांगायला नको. तरीही हा आक्षेप वेळेचा आहे, गुणाचा नाही. पुण्याच्या मे महिन्यात जे तासाभरात होतं त्याला इथे रात्र लागेल, एवढाच फरक. काचा संध्याकाळी लावाव्यात आणि सकाळपर्यंत बॉडी उघडीच ठेवावी. चॅसिस लावून बंद करू नये, म्हणजे पाणी बाहेर जायला वाट राहते. खरी जपायची गोष्ट ओलावा नसून थंडी आहे. पीव्हीएचे सूक्ष्म कण एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा तयार व्हायला ठरावीक ऊब लागते. बागेतल्या शेडमध्ये किंवा गरम न केलेल्या खोलीत, जानेवारीच्या चार-पाच अंशांत, पाणी उडून गेलं तरी कण सुटेच राहतात. जोड पांढरा, खडूसारखा राहतो आणि धरतही नाही. लोक मग कंपनीला नावं ठेवतात. काम राहत्या, उबदार खोलीत करावं. पण घाईने रेडिएटरवर बॉडी ठेवू नये की हेअर ड्रायर मारू नये, कारण पॉलिस्टायरिन 100 अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि पातळ काच त्याआधीच ताणाने वाकू लागते. आणि ओलसर हवेचा दाखला द्यायचाच तर तो सुपरग्लूविरुद्ध जातो: वाफेला पांढरं करणारा ओलावा हवेत आयताच हजर असतो.

गोंद कुठला याइतकाच गोंद कुठे, हाही प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर खऱ्या गाडीत सापडतं. ग्लासगोच्या पश्चिमेला पेस्लीजवळ लिनवुड इथे 2 मे 1963 रोजी ड्यूक ऑफ एडिंबरा यांच्या हस्ते रूट्स या मोटार कंपनीचा कारखाना सुरू झाला. तिथे हिलमन इम्प ही मागे इंजिन असलेली छोटी गाडी 1976 पर्यंत बनत होती. कारखाना 1981 मध्ये बंद पडला. इम्पची मागची काच वर उघडायची, सामान आत टाकायला. त्या काळच्या गाड्यांच्या काचा रबराच्या पट्टीत बसवलेल्या असत; ती काळी, मंद चमकेची पट्टी बाहेरून ठळक दिसते. ग्लासगोच्या क्लाइड नदीकाठच्या रिव्हरसाइड म्युझियममध्ये इम्प पाहायला मिळते आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत. गाडी बनवण्याआधी तिथे जाऊन फक्त काचेची कड न्याहाळावी. आजच्या गाड्यांत रबर गेलं आणि काच थेट बॉडीला पॉलियुरेथेनने चिकटवली जाऊ लागली. त्या गोंदाला उन्हापासून वाचवायला आणि नजरेआड करायला काचेच्या कडेवर काळी सिरॅमिक पट्टी भाजलेली असते. म्हणजे खऱ्या गाडीच्या कारागिरांनीही गोंदासाठी कडेचा काळा पट्टा राखून ठेवला आहे. आपणही तेच करायचं. आधुनिक गाडीच्या किटमध्ये काचेच्या आतल्या बाजूने काळी कड रंगवायची असते आणि टॅमियाच्या कित्येक किटांत त्यासाठी कापलेले मास्कही मिळतात. गोंद या काळ्या कडेच्या बाहेर कधीच जाऊ द्यायचा नाही. सिमेंट वापरलं तर ते हा रंगच विरघळवेल, आणि जोड प्लास्टिकशी होण्याऐवजी चिखलाशी होईल. पाण्याचा गोंद रंगावर शांतपणे बसतो.

काळ्या कडेचा आणखी एक फायदा आहे, आणि तो फार कमी लोक घेतात. 1/24 प्रमाणातल्या किटची काच साधारण एक मिलिमीटर जाड असते. चोवीसने गुणा: ती खऱ्या गाडीत 24 मिलिमीटर झाली. खरी समोरची काच पाच-सहा मिलिमीटरची असते. एवढ्या जाड भागाची उघडी कड उजेड पकडते आणि लोलकासारखी चमकते. चमकली, की गाडी खेळणं दिसू लागते. काचेची जाडीची बाजू, म्हणजे समोरून न दिसणारी कड, काळ्या मार्करने किंवा मॅट काळ्या रंगाने रंगवली तर ही चमक मरते आणि गोंदही झाकला जातो. जुन्या इम्पसारख्या गाडीत बाहेरची रबराची रेघ किंचित करड्या काळ्यात ओढावी; शुद्ध काळा लहान प्रमाणात भडक दिसतो.

पूर्वतयारीबद्दल थोडक्यात. काचेचा भाग स्प्रूवरून एका फटक्यात भागाला लागून कापू नये. दूरवर कापून, उरलेलं टोक धारदार पातीने थोडं थोडं छाटावं, नाहीतर कटरच्या दाबाने भेग आत सरकते. चरे असतील तर 2000 नंबरचा, मग 4000 चा, मग त्याहून बारीक घासकागद पाण्यासोबत वापरावा, आणि शेवटी पॉलिशिंग कंपाउंड. गोंद न लावता काच एकदा बसवून पाहणं टाळू नये: काच दाबल्याशिवाय बसत नसेल तर कड घासावी, गोंदाला ओढायला लावू नये, कारण ताणलेल्या काचेला नंतर रंगाच्या द्रावकानेही भेगा पडतात. आणि बॉडी बंद करण्याआधी आतून एकदा टॉर्च मारावा. डॅशबोर्डवर बसलेला धुळीचा कण काचेमागून नेहमीच मोठा दिसतो.

हेडलाइट आणि टेललाइटचा मामला वेगळा. तिथे भाग इवला असतो, जागा अरुंद, आणि मागे क्रोमची वाटी असते. सिमेंटचा एक ओघळ त्या मुलाम्याला खाऊन टाकतो. तिथेही पीव्हीए चालतो, पण वाटी झाकणासारखी बंद होत असेल तर आतलं पाणी उडायला दिवस लागतो. अशा जागी अतिनील प्रकाशाने घट्ट होणारा गोंद उपयोगी पडतो. त्यातून वाळताना जवळपास काहीच बाहेर पडत नाही. छोट्या दिव्याचा उजेड काही सेकंद दिला की काम झालं. मग सगळीकडे तोच का नको? कारण उजेड पोचेल तिथेच तो घट्ट होतो. रंगवलेल्या काळ्या कडेखाली उजेड पोचत नाही आणि गोंद कायम चिकट राहतो. शिवाय त्यातल्या ॲक्रिलेटची कातडीला ॲलर्जी होऊ शकते, म्हणून हातमोजे हवेत. दोन भाग मिसळून वापरायचा इपॉक्सी, आपल्याकडचा अराल्डाइट, हाही काही बाहेर सोडत नाही, पण काही वर्षांत पिवळा पडतो. रेझिनच्या किटसोबत ॲसिटेटच्या पातळ काचा येतात, तिथे मात्र चर्चेचं कारणच नाही: पॉलिस्टायरिनचं सिमेंट त्या दोन्हींना नीट जोडतच नाही, पाण्याचा गोंद किंवा इपॉक्सी हेच पर्याय.

मुरलेले लोक म्हणतील, आम्ही काचाही पातळ सिमेंटने लावतो आणि काही बिघडत नाही. खरं आहे. कुंचल्याच्या टोकावर अर्धा थेंब घेऊन, कडेच्या लपलेल्या कानाला स्पर्श करून, बोट लांब ठेवून ते जमतं. हे कसब आहे, आणि कसबाला माझा आक्षेप नाही. पण त्या कसबाने मिळणारी जादा ताकद काचेला लागत नाही, आणि चुकलं तर परत फिरायची वाट नाही. म्हणजे जोखीम घ्यायची, पण बदल्यात काही मिळवायचं नाही. दुसरी एक युक्ती सांगितली जाते: काच ॲक्रिलिक फ्लोअर पॉलिशमध्ये बुडवून वाळवायची, म्हणजे सुपरग्लूचं धुकं बसत नाही. थर नीट बसला तर त्याचा उपयोग होतो, काचेची चमकही वाढते, आणि नको असल्यास अमोनियाच्या क्लीनरने थर उतरवता येतो. पण खालच्या कडेला जमलेला त्याचा मणी कापसाने टिपावा लागतो, धूळ अडकते, वाळायला पुन्हा एक दिवस जातो. चमकेसाठी करायचं तर जरूर करावं. सुपरग्लू वापरता यावा म्हणून करणं हा नसता उपद्व्याप.

घरात मुलं हा छंद करत असतील तर आणखी एका बाजूने विचार करावा लागतो, आणि या बाबतीत ग्लासगोला इतिहास आहे. 1980 च्या आसपास गोंद हुंगण्याचं व्यसन इथल्या मुलांमध्ये पसरलं होतं. मुलांना हुंगण्यासाठी गोंद आणि सोबत पिशव्या विकल्याबद्दल ग्लासगोतल्या दुकानदारांवर खटला भरला गेला. त्यासाठी खास कायदा नसतानाही असा खटला चालू शकतो, असा निर्णय स्कॉटलंडच्या उच्च फौजदारी न्यायालयाने 1983 मध्ये दिला, आणि त्याच वर्षी स्कॉटलंडसाठी याविषयीचा कायदाही झाला. द्रावकाच्या बाटलीवर ज्वालेचं चिन्ह असतं ते शोभेला नाही. हिवाळ्यात खिडक्या बंद ठेवून, हीटर लावून, छोट्या खोलीत तासभर सिमेंट वापरणं मोठ्यांनाही बाधतं; डोकं जड होतं. पाण्याच्या गोंदाने काचा, दिवे, आरसे, नंबरप्लेट एवढं सगळं मुलांकडून बिनघोर करून घेता येतं. बॉडी आणि इंजिनचे जोड मोठ्यांनी शेजारी बसून, खिडकी उघडून करावेत.

आणि उन्हाळ्यात किंवा गणपतीला घरी जाताना भाच्या-पुतण्यांसाठी किट नेणार असाल, तर एवढं पाहा. सिमेंट ज्वालाग्राही द्रव आहे. ते हातातल्या बॅगेतही चालत नाही आणि चेक-इनच्या बॅगेतही नाही. सुरक्षा तपासणीत बाटली काढून घेतील आणि वर बॅग उघडून सगळं सामान पसरतील. किट न्या, कटर चेक-इनमध्ये टाका, सिमेंट पुण्या-मुंबईतल्या हॉबीच्या दुकानातून घ्या. काचेसाठी लागणारा पांढरा गोंद कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडे मिळतो.